कुठं वाजलं

आमचे घरमालक फोनवर बोलायच्या आधी रिसीव्हरवर बोटानं टकटक करायचे, मग त्यात फुंकर मारायचे आणि आवाज नीट पोचतोय अशी खात्री झाली की मगच बोलायला लागायचे. पलीकडच्यानं तोवर बऱ्याचदा फोन ठेवलेला असायचा. मग ते "लाइन खराब आहे" म्हणत पुन्हा नंबर फिरवायचे आणि पुन्हा फुंकर मारायचे.

त्यांचं उभं आयुष्य लाउडस्पीकरच्या धंद्यात गेलं होतं. यवतमाळातल्या आमच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायची. लग्न असो, उरूस असो, जयंती असो की भागवत सप्ताह, एके काळी चाचांचे भोंगे आणि मशीन गेल्याशिवाय काही सुरू होत नसे. कॅसेटी आल्या तेव्हा ते टिकले, सीडी आल्या तेव्हा थोडे डगमगले, डीजे आला तेव्हा त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. त्याच शटरमागच्या खोलीत मी माझा कॉम्प्युटर क्लास काढला. भिंतीवर भोंगे टांगायचे हुक तसेच होते. त्यांवर माझे विद्यार्थी दप्तरं अडकवायचे.

चाचा माणसांना आवाजावरून ओळखायचे आणि आवाजावरूनच मत बनवायचे. क्लासला नवीन कुणी आलं की ते आतल्या खोलीतून दोन मिनिटं ऐकायचे आणि संध्याकाळी मला निकाल सांगायचे. या पोट्टीचा आवाज गोल आहे, शिकेल. त्या पोट्ट्याचा वर गेला की फाटते, तो फी बुडवेल. त्यांचे निकाल निम्म्याहून जास्त वेळा चुकायचे. ज्याचा आवाज फाटतो म्हणाले होते त्यानं सगळ्यांच्या आधी फी भरली. चाचांना हे सांगितलं तर ते म्हणाले, सर्दी झाली असेल तेव्हा त्याला.

जेवायचे ते उभ्यानं. मंडपात मशीनपाशी उभं राहून जेवायची सवय, ती घरीही सुटली नाही. एक हात ताटाला, नजर दुसरीकडेच. चाची ताट वाढून समोर खुर्ची ठेवायच्या आणि चाचा खुर्चीला टेकून उभे राहायचे. चाची फार बोलत नसत. पण एकदा मला म्हणाल्या, "मी या मानसाले बसून जेवतांनी फक्त आमच्या लग्नात पाह्यलं."

आणि रेकॉर्डी. घरात जिकडे बघावं तिकडे लोखंडी पेट्या. पलंगाखाली पेट्या, धान्याच्या कोठीमागे पेट्या, न्हाणीवरच्या माळ्यावर पेट्या. लग्नाची गाणी, कव्वाल्या, भजनं, भीमगीतं, शाहिरी, कुठल्याशा नाटकाचे संवाद. एवढं असून घरात कधी गाणं लागत नसे. मी नवी असताना विचारलं होतं, चाचा, एखादं लावा ना. त्यांना तो प्रश्नच विचित्र वाटला. घरात कोणाचं लग्न आहे, म्हणाले. गाणं म्हणजे मंडप, माणसं, धूळ, जेवणाचा वास. रिकाम्या खोलीत ते लावणं त्यांना अन्न वाया घालवल्यासारखं वाटायचं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. लोहाऱ्याच्या दिशेनं कापसाच्या गाड्या तशाच जायच्या, रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके तसेच लागलेले असायचे, पण गावागावांतून येणाऱ्या बातम्यांनी माणसं हळू आवाजात बोलायला लागली होती. चाचा वर्तमानपत्राचं पहिलं पान दुमडून आत घालायचे आणि मधल्या पानापासून वाचायचे. खेड्यांतली लग्नं लहान होत गेली. कुणी देवळात उरकायचं, कुणी सामूहिक विवाहात नाव द्यायचं. अशाच एका सामूहिक विवाहाला चाचा कुणाच्या तरी आग्रहानं गेले. संध्याकाळी म्हणाले, एका मंडपात एवढ्या पोरी रडून राह्यल्या अन् माइकवर भाषण चालू होतं.

त्यांचा मुलगा नागपूरला नोकरीला होता. आईवडिलांनी आता तिकडे यावं असं त्याच्या मनात होतं, आणि त्याच्या फ्लॅटमध्ये पेट्यांना जागा नव्हती. त्यानंच पुण्याचे एक संग्राहक शोधून काढले. ते गृहस्थ फोनवर फार अदबीनं बोलले. सगळ्या रेकॉर्डी घेतो, नीट सांभाळतो, फक्त आधी यादी पाठवा. रेकॉर्डचा नंबर, गायक, कंपनी, साल आणि अवस्था. चाचांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले. मग माझ्या क्लासमध्ये येऊन बाकाला उभ्या उभ्याच टेकले आणि म्हणाले, यादी करायची तर हातानं नाही, कॉम्प्युटरवर करायची. पण त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, ते आधी ठरवायचं. मशीन घेताना त्यांनी नागपूरच्या बाजारात चार दुकानं ऐकून पाहिली होती, तसंच हे.

पहिलं मी आणलं ते नागपूरच्या एका ओळखीच्याकडून, शाळांच्या ग्रंथालयांसाठी केलेलं. ते प्रत्येक रेकॉर्डला लेखक कोण आणि पानं किती असं विचारायचं. चाचांना मात्र ते आवडलं, कारण त्यात "कोणास दिले" असा रकाना होता. त्यांनी त्यात मला कुणाकुणाची नावं लिहायला लावली. मला वाटलं, रेकॉर्डी उसन्या नेलेली माणसं असतील. तसं नव्हतं. ज्यांच्या लग्नात ती वाजली, त्यांची नावं होती. मी म्हटलं, चाचा, हा प्रोग्राम त्यांना रेकॉर्ड परत करायची नोटीस काढेल. तेव्हा कुठे त्यांनी तो सोडला.

दुसरा होता एक अमेरिकेतला, महिनाभर फुकट वापरता येणारा. क्लासच्या फोनलाइनवरून तो उतरवायला अख्खी दुपार गेली आणि मध्ये वीज गेली ती वेगळी. पण तो उघडला आणि चाचा हरखले. पडद्यावर रेकॉर्डचं चित्र होतं आणि ते फिरत होतं. गाण्याचा प्रकार काय, असं तो विचारायचा आणि आपल्या मनानं घालायची सोयही द्यायचा. चाचांनी प्रकार सांगितले ते असे: हळदीचं, वरातीचं, वरात दारात आल्यावरचं, पंगतीचं, बिदाईचं, मांडव सोडतानाचं. एकच गायक, एकच सिनेमा, पण एक गाणं पंगतीत आणि दुसरं बिदाईत. मी म्हटलं, पुण्याच्या साहेबांना हे नको आहे. ते म्हणाले, साहेबाले जे पाहिजे ते लिव, अन् मले जे पाहिजे ते बी लिव.

त्यांना पाहिजे होता एक जास्तीचा रकाना. त्याचं नाव त्यांनीच दिलं, "कुठं वाजलं". अडचण एवढीच झाली की त्या अमेरिकन प्रोग्रामला मराठी अक्षरं कळत नव्हती. महागाव लिहिलं की तिथे प्रश्नचिन्हांची रांग उमटायची. चाचा पडद्याकडे वाकून बघत म्हणाले, "माझी सारी गावं याले प्रश्न वाटून राह्यली." शेवटी मी गावांची नावं इंग्रजी अक्षरांत टाकायला लागले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, उर्दू आणि मराठी यायचं. तरी ते बाजूला उभे राहून प्रत्येक गाव मला मोठ्यानं वाचायला लावायचे.

तिसरा पर्याय माझ्या मते सगळ्यांत बरा होता, हिशेबासाठी वापरतात तो साधा रकान्यांचा प्रोग्राम. क्लासमध्ये आम्ही त्याला नुसतं शीट म्हणायचो. त्यात मराठीही चालायचं. चाचांनी तो एकदाच पाहिला. नुसते चौकोन, काही फिरत नाही, काही विचारत नाही. हे तं तलाठ्याचं काम आहे, म्हणाले. झालं. अमेरिकन ठरला.

मग रोज दुपारी क्लास रिकामा असला की एक पेटी बाहेर यायची. चाचा फडक्यानं रेकॉर्ड पुसायचे, लेबल मी वाचायची, आणि "कुठं वाजलं" आलं की ते डोळे मिटायचे. अमुक गाव, पाटलाच्या धाकटीचं लग्न, पिन उडाली कारण नवऱ्याचा मामा नाचता नाचता टेबलावर पडला. अमुक उरूस, पाऊस आला, भोंग्यावर घोंगडी टाकली. मी लिहीत जायची. त्या दुपारी मला फार आवडायच्या. खरं सांगायचं तर क्लास काही नीट चालत नव्हता. पोरांच्या घरून फिया थकायच्या, काही पोरं मधेच यायची बंद व्हायची आणि का ते विचारायची सोय नसायची. अशा दिवसांत जिल्हाभरची लग्नं ऐकत बसण्यात मला आधार वाटायचा.

त्याच सुमारास एक बाई आल्या. महागाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरच्या, चाळिशीच्या आसपासच्या. एसटीनं आल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला बसल्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. घरच्या घरी, थोड्या माणसांत. बँड नाही, डीजे नाही. नवऱ्यानं निक्षून सांगितलं होतं की यंदा आवाज करायचा नाही, लोक काय म्हणतील. बाईंचं म्हणणं एवढंच होतं की त्यांच्या स्वतःच्या लग्नात माहेरच्या तांड्यावर पहिल्यांदा लाउडस्पीकर आला होता, चाचांचा. तेव्हा वरात येताना एक गाणं लागलं होतं. ते कॅसेटवर भरून मिळेल का? घरच्या टेपवर हळूच लावतील. गाण्याचे शब्द त्यांना आठवत नव्हते.

चाचांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला खूण केली. मी बाईंच्या माहेरच्या तांड्याचं नाव टाकलं. पडद्यावर तीन ओळी आल्या: वरातीची एक, पंगतीची एक, बिदाईची एक. चाचांनी पेटीतून तिन्ही रेकॉर्डी काढल्या आणि त्या घरात मी पहिल्यांदा गाणं लागलेलं ऐकलं.

वरातीचं लागलं आणि बाई पदर तोंडाला लावून हसल्या. हेच, म्हणाल्या. पंगतीचं लागलं तेव्हा कोण कोण जेवायला बसलं होतं ते सांगत राहिल्या, त्यात त्यांचे वडील होते, काका होते. आतून चाची येऊन दाराशी टेकल्या. मग चाचांनी बिदाईचं लावलं. बाईंनी ते शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं.

"हे नव्हतं," त्या म्हणाल्या.

चाचा हसले. विसरल्या असाल, म्हणाले, त्या वेळी नवरीच्या कानात काय शिरते. हे गाणं त्या वर्षी मी प्रत्येक बिदाईला लावत होतो.

"नाही चाचा. त्या वक्ती तुमची बॅटरी बसलती. तुम्ही मशीन उघडून बसले होते अन् माह्या बापानं तुमच्यावर आवाज केला. मंग बायाइनं ढावलो म्हटला. गाणं वाजलंच नाही."

ढावलो म्हणजे काय ते मला त्यांनीच सांगितलं. पोरगी सासरी निघाली की ती आणि तिच्या बाया गळ्यात गळा घालून त्यांच्या गोरबोलीत म्हणतात ते रडगाणं. त्यांच्या आईनं आणि मावशीनं म्हटलं होतं. त्यांच्या मुलीला ते येत नव्हतं. आताच्या पोरींना येत नाही, शाळेत गेल्या, लाज वाटते, असं त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. मग दोन गाण्यांची कॅसेट पुढच्या आठवड्यात न्यायची ठरवून त्या शेवटच्या एसटीच्या आधी निघाल्या.

त्यानंतर तीन-चार दिवस एकही पेटी बाहेर आली नाही. मी विचारलं तर चाचा म्हणायचे, आज मन नाही. एका दुपारी चाचींनी मला आत बोलावलं. चाचा पलंगावर बसले होते. त्यांना बसलेलं पाहून मलाच कसंतरी झालं.

"बेटा, मी किती गावं खोटी लिवली असतील?" ते म्हणाले. "मी लावलं म्हणून मले वाटते वाजलं. वाजलं का नाही, ते गावाले माहीत."

मी म्हटलं, एक चुकलं म्हणून सगळी चुकत नाहीत. त्यावर चाची म्हणाल्या की मामा टेबलावर पडला होता ते मात्र खरं आहे, कारण फुटलेला टेबल त्या घरी आलेला त्यांनी पाहिला होता. चाचा थोडेसे हसले. मग उठले आणि म्हणाले, चल, एक तरी दुरुस्त करू.

मी त्या तांड्याची बिदाईची ओळ उघडली. त्यांनी जुनं गाणं पुसायला लावलं. गाणं: ढावलो. गायक: तांड्यातल्या बाया. कंपनी: नाही. नंबर: नाही. मी जतन करायला गेले, तर प्रोग्रामनं लाल चौकट दाखवली. नंबर टाकल्याशिवाय ओळ ठेवता येणार नाही.

"काय म्हणून राह्यलं ते?"

मी सांगितलं.

"मंग शून्य टाक."

शून्य चालत होतं. मी टाकलंही. पण चाचांनी ते बघितलं आणि मान हलवली. शून्य म्हणजे काहीच नाही, म्हणाले. तिथं काही नव्हतं असं नाही. तिथं माझ्या मशीनशिवाय झालं एवढंच. तिथं रिकामं पाहिजे.

त्यांनी फिरत्या रेकॉर्डकडे थोडा वेळ पाहिलं. मग मला त्या तलाठ्याच्या चौकोनांचं विचारलं. त्यात रिकामं ठेवता येतं का? मी म्हटलं, येतं. मराठी लिहिता येतं? तेही येतं. मग सगळं त्याच्यात घाल, म्हणाले. पाच पेट्यांच्या नोंदी झाल्या होत्या. त्या मी एकेक करून शीटमध्ये आणल्या, गावांची नावं पुन्हा मराठीत लिहिली, आणि या वेळी चाचा ती स्वतः वाचत होते. ज्या गावाची खात्री नव्हती तिथं ते आता "वाटते" असा शब्द घालायला लावायचे. शेवटी शेवटी यादीत "वाटते" बरीच झाली. त्यांना त्याचं वाईट वाटेनासं झालं.

यादी पुण्याला गेली. संग्राहकांचा फोन आला, त्यांनी अदबीनंच विचारलं की गावांचा रकाना काढला तर चालेल का, आणि ही एक नंबर नसलेली ओळ कसली. चाचा म्हणाले, गावांचा रकाना तुम्ही तुमच्याजवळ काढा, मी पाठवलेल्यात राहील. "अन् ते नंबर नसलेलं तुमच्याकडे येनार नाही. यादीत राहू द्या." रेकॉर्डी त्या पावसाळ्याच्या आधी टेम्पोत घालून गेल्या. चाचा आणि चाची दिवाळीनंतर नागपूरला गेले. मुलाच्या घरी चाचा हॉलमध्ये टेबलाजवळ उभे राहून जेवायचे असं चाचींनी मला नंतर कळवलं. आणखी काही वर्षांनी ते गेले, झोपेत. हे सगळं खरं आहे, पण मला ते सांगताना नेहमी वाटतं की मी शेवट चुकीच्या जागी करते आहे. त्यांची आठवण आली की मला तो तांडाच दिसतो.

कारण रेकॉर्डी अजून घरातच होत्या, तेव्हा ठरल्याप्रमाणे कॅसेट न्यायला बाई आल्या आणि चाचा म्हणाले, कॅसेट राहू द्या, मीच येतो. मशीन घेऊन. बाई घाबरल्या, घरचे ओरडतील म्हणाल्या. चाचा म्हणाले, माझं त्या दिवशीचं काम अर्धं राह्यलं आहे, ते मले पुरं करू द्या. नव्या बॅटऱ्या घेतल्या, एकाला दोन. चाचींनी मला त्यांच्याबरोबर पाठवलं. लग्नाच्या दिवशी आम्ही काळीपिवळी जीपच्या टपावर एक भोंगा बांधून महागावकडे निघालो. वाटेत ड्रायव्हरनं विचारलं, सभा आहे का. चाचा म्हणाले, नाही, लग्न. बऱ्याच दिवसांनी त्यांना असं म्हणता आलं होतं.

तांड्यावर मांडव लहान होता. नवरीचे वडील पुढे आले आणि त्यांनी हात जोडले. त्यांच्याच भावकीतल्या एका घरात मागच्या महिन्यात माणूस गेला होता. भोंगा नको, म्हणाले. चाचांनी वाद घातला नाही. भोंगा खाली उतरवून भिंतीशी पालथा ठेवला आणि विचारलं, मशीनच्या डब्यात एक लहान स्पीकर आहे, तो मांडवाच्या आतच ऐकू येईल, तेवढा चालेल का. त्या गृहस्थांनी वाकून डबा पाहिला. मग बायकोकडे पाहून म्हणाले, मांडवाच्या आतच.

वरातीचं गाणं लागलं ते असं, मांडवापुरतं. पंगतीचंही लागलं. चाचा मशीनपाशी उभ्यानं जेवले. मग निघायची वेळ झाली, जीप दाराशी आली, आणि चाचांनी रेकॉर्ड न लावता माइक काढला. फुंकर मारून पाहिली आणि तो नवरीच्या आईच्या हातात दिला.

बाईंनी तो धरला आणि नवरीकडे पाहिलं. नवरी खाली बघत होती. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती, तीच ती मावशी. तिनं माइककडे बघितलंही नाही. बसल्या जागेवरून तिनं सूर काढला, कापरा आणि उंच. ओळ संपायच्या आत बाईंनी तो उचलला, मग आणखी दोघींनी. माइक बाईंच्या हातात लोंबत राहिला. नवरीनं आईच्या गळ्यात हात टाकले. तिला शब्द येत नव्हते, पण "याडी, याडी", म्हणजे आई, आई, एवढं ती म्हणू लागली, आणि बाकीच्या तिचं ते "याडी" मधे घेऊन पुढे जाऊ लागल्या. नवरीचे वडील खांबाला धरून उभे होते.

मी चाचांकडे पाहिलं. त्यांचा हात मशीनच्या बटनावर होता. आवाज फाटू नये म्हणून ते कमी-जास्त करतात तसा. पण ते फक्त कमी करत होते. थोडं, आणखी थोडं. शेवटी बटन पार बंद झालं. मांडवात कुणाला ते कळलं नाही.

चाचांनी आजूबाजूला पाहिलं, एक रिकामी खुर्ची ओढली, आणि बायांचं गाणं संपेपर्यंत बसून ऐकलं.